साडेपाच किलोंची बॅग आणि धरलेला खांदा: डीएसएलआर सोडून लहान मिररलेस घ्यावा का?

तुमची परिस्थिती अशी: निकॉन डी७५०, त्यावर २४-७० एफ २.८, ७०-२०० एफ २.८ आणि २००-५०० एफ ५.६ या तीन लेन्स. वय छप्पन्न, उजवा खांदा धरलेला. राहायला सातारा, म्हणून पाऊस ओसरताना फुलांसाठी कास, थंडीत पक्ष्यांसाठी भिगवण, अधूनमधून एखादा गड आणि वर्षातून एक फेरी ताडोबाची. सगळं विकून लहान मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यावा का, आणि घेतलाच तर फोटोचा दर्जा किती घसरेल, असं तुम्ही विचारलंय.

मी हा बदल २०१७ मध्ये केला. त्याआधी बारा वर्षं लग्नं शूट केली आणि उरलेल्या वेळात पक्ष्यांमागे फिरले. माझ्याकडेही डी७५०च होता, त्यामुळे पट्टा खांद्यावर नेमका कुठे रुततो हे मला ठाऊक आहे.

दर्जाचं नंतर बघू. आधी घरातला वजनकाटा काढा. डी७५० बॅटरी आणि कार्डासकट ८४० ग्रॅम. २४-७० जुन्या जी मॉडेलची धरली तर ९००. ७०-२०० व्हीआर टू १५४०. २००-५०० कॉलरसकट (लेन्स ट्रायपॉडला बसवायचं कडं) २३००. बेरीज ५५८० ग्रॅम. बॅग, फ्लॅश, ट्रायपॉड, पाणी आणि डबा यात नाही.

दुकानात गेलात की सगळ्यात आधी तुम्हाला निकॉनचाच फुल फ्रेम मिररलेस दाखवतील, म्हणजे डी७५०एवढ्याच मोठ्या सेन्सरचा. सवय तीच, मेनू ओळखीचा. त्याचंही वजन करून बघू. झेड ६ टू ७०५ ग्रॅम, झेडची २४-७० एफ २.८ ८०५, ७०-२०० एफ २.८ १४४०, १८०-६०० कॉलरसकट २१४०. बेरीज ५०९०. म्हणजे काही लाख रुपये मोजून खांद्यावरून उतरलं किती, तर जेमतेम अर्धा किलो.

असं का होतं ते एकदा कळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. आरसा आणि वरचा प्रिझम गेल्यामुळे हलकी होते ती बॉडी. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये माउंटपासून (जिथे लेन्स बसते ते कडं) सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी होतं, झेडमध्ये ते १६ मिमी आहे. याचा फायदा वाइड लेन्सना चांगला होतो. दूरचं जवळ आणणाऱ्या लांब टेली लेन्सला फारसा होत नाही, कारण ५०० मिमी एफ ५.६ हवी असेल तर पुढची काच तेवढी मोठी लागणारच, मागे आरसा असो वा नसो. तुमच्या बॅगेत साडेपाच किलोंपैकी पावणेपाच किलो लेन्सचे आहेत. वजन उतरवायचं तर लेन्स लहान व्हायला हव्यात, आणि त्यासाठी सेन्सर लहान व्हायला हवा. ‘मिररलेस’ हा शब्द इथे थोडा फसवतो.

लहान सेन्सरचा अर्थ माझ्यापुरता मायक्रो फोर थर्ड्स. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये आणलेली ही पद्धत, सेन्सर १७.३ गुणिले १३ मिमी. ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा धंदा २०२१ पासून वेगळ्या कंपनीकडे गेला आणि आता कॅमेऱ्यांवर ओएम सिस्टिम असं नाव असतं. माऊंट तोच, लेन्स त्याच. यातली बॅग अशी भरते: ओएम-१ ५९९ ग्रॅम, १२-४० एफ २.८ ३८२, ४०-१५० एफ ४ तीसुद्धा ३८२, आणि १००-४०० कॉलरसकट सव्वातेराशेच्या आसपास. सगळं मिळून पावणेतीन किलोंच्या आत. निम्मं.

मधला रस्ता फुजीचा. एक्स-टी५ ५५७ ग्रॅम, नवी १६-५५ एफ २.८ ४१०, ७०-३०० ५८०, १५०-६०० १६०५. हे ३१५२ ग्रॅम झाले. फुजीचे रंग सुंदर, वरच्या डायल हाताळायला मजा येते, ४० मेगापिक्सेल मिळतात. उडत्या पक्ष्यांसाठी मात्र मी एक्स-टी५ सुचवणार नाही.

आता दर्जा. इथे लोक एक ढोबळ हिशेब करतात आणि घाबरून माघार घेतात. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, मायक्रो फोर थर्ड्सचं २२५. जवळजवळ एक चतुर्थांश, म्हणजे दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). डी७५०वर आयएसओ ६४०० ला जेवढा नॉइज (फोटोतले दाणे) दिसतो, तेवढा इथे साधारण १६०० ला दिसेल. हे खरं आहे, आणि देवळाच्या गाभाऱ्यात किंवा मंगल कार्यालयात ते जाणवतं.

पण भिगवणचा हिशेब वेगळा आहे. पक्षी लांब, नाव एका मर्यादेपलीकडे जवळ जात नाही. डी७५०वर ५०० मिमीला काढलेला फोटो तुम्ही घरी येऊन कापताच. ४०० मिमी मायक्रो फोर थर्ड्सवर जे दिसतं ते फुल फ्रेमवरच्या ८०० मिमीसारखं. तेवढीच चौकट मिळवायला डी७५०चा फोटो कापलात की २४ मेगापिक्सेलमधले साडेनऊच्या आसपास उरतात. इकडे पूर्ण २० मिळतात. आणि प्रकाशाचं काय? पक्षी तितक्याच अंतरावर असेल तर त्याच्याकडून येणारा किती प्रकाश गोळा होतो हे लेन्सच्या छिद्राच्या व्यासावर ठरतं. ५०० भागिले ५.६ म्हणजे ८९ मिमी. ४०० भागिले ६.३ म्हणजे ६३ मिमी. क्षेत्रफळात दुप्पट, म्हणजे एक स्टॉप. दोन नव्हे. ऑलिंपसची ३०० एफ ४ घेतलीत तर छिद्र ७५ मिमी आणि फरक अर्ध्या स्टॉपवर येतो. एक स्टॉपचा नॉइज आजची सॉफ्टवेअरं सहज भरून काढतात. लाइटरूममध्ये २०२३ पासून जी डीनॉइजची सोय आली तिने माझ्या जुन्या फायलीसुद्धा वाचवल्या. तिचा जोर फार वाढवू नका, पिसं मेणाची दिसायला लागतात.

तर मग खरं नुकसान कुठे होतं? माझ्या अनुभवात पहिलं नुकसान ७०-२००चं. एफ २.८ ला चेहऱ्यामागची पार्श्वभूमी जशी विरघळते तशी ४०-१५० एफ ४ मध्ये विरघळणार नाही. मागेपुढे किती स्पष्ट येतं त्या खोलीचा विचार केला तर ती फुल फ्रेमवरच्या एफ ८ सारखी वागते. ऑलिंपसची जुनी ७५ मिमी एफ १.८ ही ३०५ ग्रॅमची प्राइम (झूम नसलेली लेन्स) घेऊन मी ती भूक भागवते, पण ती भूक आहे हे कबूल करते. तुम्ही पोर्ट्रेट फारसे काढत नसाल तर सोडून द्या. तुमचं लग्नांवर पोट असतं तर मी तुम्हाला हा बदल करू नका असंच सांगितलं असतं. एकदा वधूच्या काकांनी माझ्या हातातला कॅमेरा बघून, “मॅडम, मोठा कॅमेरा गाडीत राहिलाय का?” असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. त्यांच्या स्वतःच्या गळ्यात माझ्यापेक्षा दुप्पट मोठी बॉडी होती, किट लेन्ससकट.

दुसरं नुकसान उडत्या पक्ष्यांचं, आणि ते कुठली बॉडी घेता यावर अवलंबून आहे. २०१७ मध्ये मी ई-एम१ मार्क टू घेतला. भिगवणला पहिल्याच दिवशी सुरय पक्ष्यांनी मला रडवलं. डी७५०वर दहातले सहा नीट यायचे, इथे दोन. फोकस मागच्या लाटांवर जाऊन बसायचा. २०२२ मध्ये ओएम-१ आला, तो पक्षी स्वतः ओळखतो, आणि तेव्हापासून ही तक्रार बहुतांशी मिटली. पॅनासॉनिकमध्ये हवा असेल तर जी९ टू बघा, आधीचा जी९ नको. थोडक्यात, पक्षी काढायचे असतील तर या पद्धतीतली स्वस्त जुनी बॉडी घेऊन ‘बघू तर खरं’ म्हणू नका. तुम्ही पद्धतीलाच नावं ठेवाल.

तिसरं, बॅटरी. डी७५०ची अधिकृत क्षमता १२३० फोटो, ओएम-१ची ५२०. आकडे सोडा, सवय बदला. आरशाच्या कॅमेऱ्यातून तुम्ही तासभर पाणवठ्याकडे बघत बसलात तरी बॅटरी उतरत नाही. इथे डोळा लावला की पडदा चालू, पडदा चालू की बॅटरी खर्च. मी तीन बॅटऱ्या बाळगते आणि ओएम-१ पॉवर बँकेवरही चार्ज होतो. बाजारात मिळणाऱ्या कमी किमतीच्या बॅटऱ्यांच्या नादी लागू नका. माझी एक आत फुगून बसली. ती बाहेर काढायला दुरुस्तीवाल्याने दोन तास घेतले.

चौथं नुकसान कुणी सांगत नाही: व्ह्यूफाइंडरची, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीची, तबियत. काचेतून दिसणारं भिगवणचं सकाळचं धुकं आणि छोट्या पडद्यावर दिसणारं धुकं यात फरक आहे. मला वर्षभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. आता वाटत नाही, पण डी७५० कधी हातात घेतला तर क्षणभर थांबायला होतं.

उलट त्याच पडद्याने मला पालखीत एक मोठी सवलत दिली. दिवे घाटात ज्ञानेश्वर माउलींची पालखी चढते तेव्हा ढगाळ आकाश, पांढरी शुभ्र वस्त्रं, काळे-सावळे चेहरे, मधेच ऊन. डीएसएलआरवर मी दर चार फोटोंनी मागे बघायचे, उपरणी पांढरी फटक पडली की पुन्हा काढायचे. आता फोटो काढायच्या आधीच दिसतं की कपडे पांढरे फटक पडतायत, अंगठ्याने चाक फिरवायचं आणि काढायचं. शिवाय लहान कॅमेऱ्यासमोर माणसं ताठ होत नाहीत. एका आजींनी मला ‘फोनवाली’ समजून फुगडीत ओढलं. ७०-२०० लावलेली असती तर त्यांनी पदर सारखा केला असता आणि प्रसंग संपला असता. पडद्याबद्दल एकच सावधगिरी: अंधारात तो खोटं बोलतो. रात्री उजळ दिसलेला फोटो घरी काळाकुट्ट निघतो. हिस्टोग्रामवर (उजेड-अंधाराचा आलेख) विश्वास ठेवा.

ज्यासाठी मी परत मोठ्या कॅमेऱ्याकडे जाणार नाही ती गोष्ट म्हणजे स्थिरीकरण. सेन्सर लहान, त्यामुळे तो आतल्या आत हलवून हाताची थरथर जिरवणं सोपं जातं. १२-४० लावून मी ओढ्याचं पाणी अर्धा-एक सेकंदाला हातात धरून काढते आणि दगड धारदार येतात. ओएम-१मध्ये एनडी फिल्टरचं (प्रकाश कमी करणारी काच) कामही कॅमेरा स्वतः करतो, ६४ पटीपर्यंत. याचा परिणाम असा की गडावर जाताना ट्रायपॉड घरी राहतो. दीड-दोन किलो आणखी उतरले, जे कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात दिसत नाहीत.

तुम्ही कासला जाता म्हणून मॅक्रोबद्दल, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोंबद्दल, सविस्तर सांगते. सीतेची आसवं, दवबिंदू, कवला, ही फुलं बोटाच्या पेराएवढी, काही त्याहून लहान. डी७५०वर १०५ मायक्रो लावून एफ १६ केलं तरी फूल आणि देठ दोन्ही नीट यायची मारामार. इथे त्याच चौकटीला आणि त्याच एफ आकड्याला जास्त खोली मिळते, आणि ६० मिमी मॅक्रो १८५ ग्रॅमची आहे, शर्टाच्या खिशात मावते. कॅमेरा स्वतःच फोकस सरकवत आठ-दहा फोटो घेतो आणि एक करून देतो. वारा पडलेला हवा, नाहीतर पाकळीला दोन कडा येतात. मागचा पडदा फिरवून कॅमेरा खाली धरता येतो. डी७५०चा पडदाही वर उचलता यायचा, पण लाइव्ह व्ह्यूमधला (पडद्यावर बघत काढतानाचा) त्याचा फोकस इतका संथ की शेवटी आडवं व्हावंच लागे. कासच्या सड्यावर आडवं होणं म्हणजे चार रोपं अंगाखाली चिरडणं. तेवढं पाप तरी वाचतं.

पक्ष्यांसाठी एक गोष्ट डीएसएलआरमध्ये नव्हतीच: बटण अर्धं दाबून ठेवायचं, कॅमेरा फोटो घेत राहतो आणि पुसत राहतो, पूर्ण दाबलं की त्या आधीच्या क्षणांचे फोटोही कार्डावर येतात. ऑलिंपसने याला प्रो कॅप्चर नाव दिलंय. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत असतो आणि कधी सूर मारेल सांगता येत नाही. आपल्या बोटाला उशीर होतो तो होतोच. या सोयीने तो उशीर भरून निघतो. फोटो ढिगाने येतात आणि निवडायला रात्र जाते, हा त्याचा दंड.

काजवे काढत असाल तर लाइव्ह कॉम्पोझिट वापरून बघा. मे अखेर-जून सुरुवातीला भंडारदऱ्याला मी ट्रायपॉडवर (तेवढ्यापुरता तो न्यावाच लागतो) कॅमेरा लावते आणि एकेक काजवा चमकला की पडद्यावर भर पडताना दिसते. पुरेसं झालं की थांबवायचं. टॉर्च मात्र बंद. काजव्यांच्या झाडावर उजेड मारणारी मंडळी पाहिली की माझा संयम सुटतो.

पावसाचं दुहेरी आहे. ओएम-१ला आयपी५३ मानांकन आहे, म्हणजे वरून पडणारं पाणी चालतं, डबक्यात बुडवणं नाही. पण ते फक्त सील असलेल्या लेन्ससोबत. ४५ एफ १.८, ७५-३०० या लेन्सना सील नाही, त्या लावल्या की सगळी बढाई संपली. आणि ओला कॅमेरा तसाच बॅगेत कोंबून आठवडाभर ठेवलात तर बुरशी सील बघून थांबत नाही. साताऱ्याच्या पावसाळ्यात ड्राय कॅबिनेट घ्या, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. हवाबंद डबा आणि सिलिका जेलही चालेल, फक्त जेल वेळोवेळी भाजून कोरडं करायला विसरू नका.

‘सगळ्यात लहान’ या मोहात पडू नका. ओएम-५ फक्त ४१४ ग्रॅमचा आहे आणि गडावर तो आणि १२-४५ एफ ४ एवढंच नेलं तर बॅग हातात घेऊन शंका येते की काहीतरी विसरलं. पण त्याला १००-४०० लावली की करंगळी हवेत, सगळं वजन मनगटावर, आणि तुमचा खांदा आधीच दुखरा. माझा हात लहान आहे, तरी मला लांब लेन्ससाठी ओएम-१ची पकड लागते. दुकानात गेलात की दहा मिनिटं लांब लेन्स लावून उभं राहा.

आता तुम्ही काय करावं. सगळं विकू नका. ताडोबात तुम्ही जिप्सीत बसलेले असता, लेन्स बीनबॅगवर टेकलेली असते, पहाटेचा प्रकाश कमी असतो. तिथे वजनाला किंमत नाही आणि फुल फ्रेमला आहे. डी७५० आणि २००-५०० राहू द्या. विका २४-७० आणि ७०-२००, कारण पायी फिरताना खांद्यावर असतात त्याच. त्या पैशात भर घालून ओएम-१, १२-४० आणि ६० मॅक्रो. एक पावसाळा आणि एक कास असं काढा. १००-४०० लगेच घेऊ नका, भिगवणच्या दोन दिवसांसाठी भाड्याने आणा आणि २००-५०० सोबत न्या, दोन्हींतून एकच चित्रबलाक काढून घरी मोठ्या पडद्यावर शेजारी ठेवा. तुमचे डोळे ठरवतील.

ॲडॉप्टर लावून जुन्या लेन्स वापरू, हा विचार मनातून काढा. निकॉनच्या लेन्स साध्या ॲडॉप्टरने लागतात, पण ऑटोफोकस जातो. तुमच्या २००-५०० चं तर छिद्रही विजेवर चालतं, त्यामुळे ते बदलताच येणार नाही. जुनी ५० मिमी हौसेने लावायला मजा येते, तेवढंच. फ्लॅशही नवा लागेल, टीटीएल (फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवणं) जुळत नाही. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर लागते, पण लेन्स आणि बॉडी दोघांचं स्थिरीकरण मिळून काम करत नाही, म्हणून लांब लेन्स बॉडीच्याच घरची घ्या.

विकत घेताना जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी लेखी घ्या, आणि बिघडला तर दुरुस्तीला कुठल्या शहरात जाईल व किती दिवस, हे पैसे देण्याआधी विचारा. मी स्वस्तात मिळाली म्हणून एका दुकानातून बाहेरून आलेली लेन्स घेतली होती. सहा महिन्यांत झूम अडकला तेव्हा त्या दुकानदाराने फोन उचलणं बंद केलं.

आणि हे एक लक्षात असू द्या. निकॉनची लेन्स लावताना आपण जिकडे फिरवतो, त्याच्या उलट दिशेला इथे फिरवायची असते. वीस वर्षांची बोटांची सवय महिनाभर तरी ऐकत नाही. आंबोलीत रात्री बेडकांमागे असताना मी ६० मॅक्रो सवयीने उलटी फिरवली, ‘टक्’ झालं असं वाटलं, हात सोडला आणि लेन्स चिखलात. पहिले काही आठवडे बॅग मांडीवर ठेवून, तिच्या वरच लेन्स बदलत जा.